नियंत्रण कक्षातील पडदा नेमका कोणासाठी?

महापालिकेच्या किंवा पोलीस आयुक्तालयाच्या नव्या नियंत्रण कक्षाचे लोकार्पण झाले की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छापून येणारे छायाचित्र जवळपास ठरलेले असते. पाठीमागे भिंतभर पसरलेला झगझगीत पडदा, त्यावर नकाशे आणि चौकाचौकांतील रहदारी, पुढ्यात अधिकाऱ्यांकडून माहिती घेणारे मान्यवर. त्या पडद्यासमोर रात्रपाळीत आठ तास बसणारा कर्मचारी या छायाचित्रात सहसा नसतो. पडद्याची निवड होत असतानाही बहुधा त्याला कोणी विचारलेले नसते. निविदेत पडद्याची लांबी-रुंदी असते, प्रकाशमान असते, रंगांची संख्या असते. तो कोणी, किती अंतरावरून, काय वाचण्यासाठी पाहावयाचा आहे, याचा उल्लेख मात्र अनेकदा शोधूनही सापडत नाही.

हा विषय आज चर्चेत घेण्यास कारण आहे. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानात देशातील १०० शहरांत एकात्मिक नियंत्रण केंद्रे उभारण्यात आली. महाराष्ट्रात पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर या आठ शहरांचा त्यात समावेश होता. ३१ मार्च २०२५ रोजी या अभियानाची मुदत संपली. केंद्राचा निधी थांबला, केंद्रे मात्र राहिली आणि त्यांचा खर्च महापालिकांच्या अंदाजपत्रकावर आला. त्यातच पहिल्या फळीतील केंद्रांमधील पडदे आता म्हातारे होऊ लागले आहेत. अशा पडद्याचे आयुष्य ६० हजार तास असल्याचे पुरवठादार सांगतात तेव्हा ते पुष्कळ वाटते. पण अहोरात्र चालणाऱ्या कक्षात वर्षाचे ८,७६० तास होतात, म्हणजे हे आयुष्य सात वर्षेही भरत नाही. येत्या काही वर्षांत पडदे बदलण्याच्या निविदा निघणार हे उघड आहे. पहिल्या खेपेस जे विचारले गेले नाही, ते या वेळी तरी विचारले जाणार काय, हा खरा प्रश्न आहे.

भिंतभर चित्राची गरज कोठे असते?

मोठा पडदा म्हणजे निव्वळ दिखावा, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. मुंबईपुरते बोलायचे तर २६ जुलै २००५ चा अनुभव पुरेसा बोलका आहे. त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याची नोंद जेमतेम ७० ते ७५ मिलिमीटरच्या घरात होती. मंत्रालय, महापालिका मुख्यालय आणि पोलीस आयुक्तालय ही तिन्ही ठिकाणे दक्षिण मुंबईत. तेथील खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या अधिकाऱ्याला उपनगरांत काय घडत आहे याची कल्पना येणे शक्यच नव्हते. मिठी नदी, भरतीची वेळ, रेल्वेमार्गावरचे पाणी आणि रस्त्यांवर अडकलेली वाहने या गोष्टी निरनिराळ्या यंत्रणांना तुकड्यातुकड्यांनी कळत होत्या. त्या एकत्र मांडणारे चित्र कोणासमोरच नव्हते.

याच कारणासाठी पुढे शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापके बसविण्यात आली आणि महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचे रूप पालटले. पाऊस, भरती, उदंचन केंद्रांतील पंपांची स्थिती आणि लोकलची वाहतूक यांचा परस्परसंबंध असतो. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी साडेचार मीटरच्या वर जात असेल आणि त्याच तासाला घाटकोपर-कुर्ला पट्ट्यात पावसाचा जोर वाढत असेल, तर तो संबंध कक्षातील प्रत्येकाला एकाच वेळी दिसला पाहिजे. महापालिकेचा अभियंता, पोलिसांचा प्रतिनिधी, अग्निशमन दलाचा अधिकारी यांनी आपापल्या संगणकावर वेगवेगळी चित्रे पाहून हे साधत नाही. एकाच चित्राकडे बोट दाखवून बोलता येणे, हाच मोठ्या पडद्याचा मुख्य उपयोग.

असे चित्र नसल्याने काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील वीज क्षेत्राने दिले आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातील ओंटारिओ येथील सुमारे पाच कोटी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला. सुरुवात ओहायो राज्यातील फर्स्टएनर्जी या कंपनीच्या क्षेत्रात झाली. दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी कंपनीच्या नियंत्रण कक्षातील इशारे देणारी संगणकप्रणाली बंद पडली आणि ती बंद पडल्याचेच कोणाच्या लक्षात आले नाही. ३ वाजून ५ मिनिटांनी एक मोठी पारेषण वाहिनी झाडाला टेकून बंद पडली. ३ वाजून ३२ मिनिटांनी दुसरी, ३ वाजून ४१ मिनिटांनी तिसरी. इशारा वाजत नव्हता, म्हणून सर्व ठीक आहे असे कर्मचारी धरून चालले होते. बाहेरून दूरध्वनी येत होते, त्यांचाही अर्थ लागत नव्हता. चार वाजून गेल्यावर अवघ्या काही मिनिटांत सारे जाळे कोसळले. अमेरिका व कॅनडा यांच्या संयुक्त चौकशी पथकाने एप्रिल २००४ मध्ये दिलेल्या अंतिम अहवालात एक बाब आवर्जून नोंदविली आहे. इतर अनेक पारेषण नियंत्रण कक्षांत समोरच्या भिंतीवर सर्व प्रमुख वाहिन्या व केंद्रे दाखविणारा नकाशाफलक असतो, तसा तो या कक्षात नव्हता. असता, तर कोठे काय बंद पडले आहे हे कदाचित दिसले असते, असे अहवाल म्हणतो. ‘कदाचित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. फलकाने वीज वाचली असती असा दावा कोणी केलेला नाही.

त्याच्या २४ वर्षे आधीचे, २८ मार्च १९७९ चे थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातील प्रकरण याच्या अगदी उलट आहे. तेथे दिव्यांची व इशाऱ्यांची वाण नव्हती. अपघाताच्या पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे एकदम सुरू झाले आणि त्यांतला महत्त्वाचा कोणता हे ओळखणे अशक्य झाले. एक झडप उघडीच अडकून राहिली होती. फलकावरचा दिवा मात्र ती बंद झाल्यासारखे दाखवीत होता, कारण तो झडपेची प्रत्यक्ष स्थिती न दाखविता तिला दिलेला आदेश दाखवीत होता. उघड्या झडपेतून बाहेर पडणारे पाणी ज्या टाकीत साचत होते, तिचे मापक उंच फलकाच्या मागील बाजूस बसविलेले होते. म्हणजे माहिती होती, पण पाहणाऱ्याच्या पाठीमागे होती. भिंत भरलेली असणे आणि परिस्थिती कळणे यांतले अंतर दाखविण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

चार हजार कॅमेरे, दोन डोळे

आपल्याकडील मोठ्या पडद्यांचा बहुतांश भाग सीसीटीव्हीच्या दृश्यांनी व्यापलेला असतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत शहरव्यापी कॅमेऱ्यांची मागणी जोर धरू लागली. बऱ्याच रखडपट्टीनंतर २ ऑक्टोबर २०१६ रोजी हा प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्या वेळी १,५१० ठिकाणी ४,७१७ कॅमेरे बसविण्यात आले होते. त्यानंतर ही संख्या वाढविण्यात आली. पण जुनाच आकडा हिशेबासाठी पुरेसा आहे.

समजा एखाद्या कक्षात ५५ इंची २४ पडदे जोडून भिंत उभारली आणि प्रत्येक पडद्याचे १६ भाग करून कॅमेऱ्यांची दृश्ये दाखविली. एका वेळी दिसणारी दृश्ये झाली ३८४, म्हणजे ४,७१७ पैकी आठ टक्क्यांच्या आसपास. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर उंच असतो. त्याचे १६ भाग केल्यावर प्रत्येक दृश्याच्या वाट्याला ३० बाय १७ सेंटिमीटर जागा येते. घरातील १४ इंची लॅपटॉप एवढाच असतो. तो २० फुटांवर ठेवून त्यातील माणसाचा चेहरा किंवा गाडीचा क्रमांक ओळखण्याचा प्रयत्न कोणीही करून पाहावा. कक्षातील पहिली रांग भिंतीपासून साधारणत: तेवढ्याच अंतरावर असते.

बरे, दृश्ये मोठी केली तर ती कमी मावतात. शिवाय ती पाहणार कोण? एका कर्मचाऱ्याकडे १६ दृश्ये सोपविली तरी एका पाळीस जवळपास २९५ माणसे लागतील, तीन पाळ्यांत पावणेनऊशेहून अधिक. एवढे मनुष्यबळ देणे कोणत्याच पोलीस दलाला परवडणारे नाही, आणि दिले तरी उपयोग मर्यादितच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवर नजर ठेवणाऱ्यांकडून शत्रूच्या खुणा का निसटतात, याचा अभ्यास केंब्रिजमधील मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी केला. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात घड्याळासारख्या तबकडीवरील काट्याची क्वचित पडणारी दुहेरी उडी टिपायची होती. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसांच्या हातून चुका वाढू लागल्या. त्या प्रयोगात एकच तबकडी होती. आपल्याकडे एकाच माणसाकडून सोळा चौकांची अपेक्षा केली जाते.

प्रत्यक्षात सीसीटीव्हीचा सर्वाधिक उपयोग घटना घडून गेल्यावर चित्रण तपासण्यासाठी, किंवा एखादी खबर आल्यावर त्या ठिकाणचा कॅमेरा उघडून पाहण्यासाठी होतो. ही दोन्ही कामे टेबलावरच्या संगणकावर होतात. भिंतीवरची शेकडो दृश्ये त्या वेळी कोणीच पाहत नाही. ती सतत चालू ठेवण्याचा खर्च मात्र चालूच राहतो. ५५ इंची एका पडद्याला २०० वॉट वीज लागते असे धरले, तर २४ पडद्यांची भिंत वर्षाला ४२ हजार युनिट खाते. युनिटला दहा रुपये दराने चार लाखांहून अधिक रुपये झाले. भिंतीची उष्णता बाहेर फेकणाऱ्या वातानुकूलनाचे बिल वेगळे.

करोनाच्या साथीत या केंद्रांची आणखी एक परीक्षा झाली. पुण्यासह अनेक शहरांत २०२० मध्ये स्मार्ट सिटीच्या नियंत्रण केंद्रांचे रूपांतर ‘वॉर रूम’मध्ये करण्यात आले आणि रहदारीची दृश्ये दाखविणाऱ्या भिंतींवर रुग्णसंख्येचे आलेख व बाधितांचे नकाशे झळकू लागले. मुंबई महापालिकेने मात्र खाटावाटपाचे काम २४ प्रभागांमधील स्वतंत्र कक्षांकडे सोपविले. तेथे कामाची साधने होती दूरध्वनी, संगणकावरील याद्या, डॉक्टर आणि रुग्णवाहिका. या व्यवस्थेची दखल मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. दोन्ही शहरांच्या परिस्थितीत फरक होता, त्यामुळे यावरून सरसकट तुलना करणे योग्य नाही. पण नियंत्रण कक्षाचे मोल पडद्याच्या क्षेत्रफळावर ठरत नसते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

अंतर आणि अक्षर

निवडीची सुरुवात खरे तर मोजपट्टीने व्हावयास हवी. नियंत्रण कक्षांच्या रचनेसाठी आयएसओ ११०६४ ही आंतरराष्ट्रीय मानकमाला आहे. तिचे पहिले भाग २००० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. तिचा रोख साधा आहे. आधी काम समजून घ्या, मग माणसांची बैठक ठरवा, आणि त्यानंतर उपकरणे निवडा. आपल्याकडे क्रम अनेकदा उलटा असतो. आधी भिंत ठरते, तिच्यावर मावतील तेवढे पडदे मोजले जातात आणि उरलेल्या जागेत टेबले लावली जातात.

दुरून आरामात वाचता येण्यासाठी अक्षराची उंची अंतराच्या साधारण १७० व्या भागाएवढी असावी, असा ढोबळ नियम आहे. सहा मीटरवर बसणाऱ्यासाठी अक्षर साडेतीन सेंटिमीटरचे हवे; दहा मीटरवरील शेवटच्या रांगेसाठी जवळपास सहा सेंटिमीटरचे. साडेतीन सेंटिमीटर अक्षर आणि ओळींमधील मोकळी जागा धरल्यास ५५ इंची पडद्यावर बारा ओळी बसतात. कक्षातील संगणकावरचा ३०-४० ओळींचा तक्ता जसाच्या तसा भिंतीवर टाकला जातो, तेव्हा तो कोणालाच वाचता येत नाही, याचे कारण हेच. त्यातही हे नियम रोमन लिपीतील अक्षरांवर बेतलेले. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. ‘विक्रोळी’ किंवा ‘चेंबूर’ ही नावे रात्री तीन वाजता न चुकता वाचता यावीत, तर अक्षर आणखी मोठे हवे. मराठीतून कारभार करणाऱ्या महापालिकांच्या निविदांत याचा विचार झालेला क्वचितच दिसतो.

दुसरी बाजू पिक्सेलची. माणसाच्या निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून एकमेकांपासून पावणेदोन मिलिमीटर अंतरावर असलेले दोन बिंदू जेमतेम वेगळे दिसतात. ५५ इंची फुल एचडी एलसीडी पडद्यावर दोन बिंदूंतील अंतर ०.६३ मिलिमीटर असते. म्हणजे या अंतरावरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने त्या पडद्याची बारकाई आधीच गरजेहून जास्त आहे. तेथे ‘फोर-के’ भिंतीचा आग्रह धरणे म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या ठिपक्यांसाठी पैसे मोजणे. पुरवठादाराच्या दालनात तो फरक डोळ्यांत भरतो खरा; पण तेथे ग्राहक पडद्यापासून हातभर अंतरावर उभा असतो.

तीन पर्याय, तीन दुखणी

बाजारात आज प्रामुख्याने तीन प्रकार आहेत. त्यांपैकी सर्वांत जुना म्हणजे मागून प्रकाश टाकणाऱ्या पेट्यांचा, ज्याला व्यवसायात ‘डीएलपी क्यूब’ म्हणतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेल्या सूक्ष्म आरशांच्या चिपवर हे तंत्र उभे आहे. वीज, रेल्वे आणि दूरसंचार क्षेत्रातील नियंत्रण कक्षांत त्याने दीर्घकाळ राज्य केले. दोन पेट्यांमधील रेघ जवळजवळ दिसत नाही आणि महिनोन् महिने तोच नकाशा दाखविला तरी त्याची सावली पडद्यावर उमटून राहत नाही, हे त्याचे मोठे गुण. पूर्वीच्या पेट्यांत दिवा असे आणि त्याचे आयुष्य सहा ते दहा हजार तास. सहा हजार तासांचा दिवा अहोरात्र वापरात आठ महिन्यांत संपे. दिव्याच्या जागी एलईडी आणि पुढे लेसर आल्यावर ही कटकट गेली. अडचण उरते ती जागेची. पेटीची खोली आणि तिच्यामागे दुरुस्तीसाठी माणूस उभा राहील एवढी बोळ धरली, तर कक्षाचा दीड-दोन मीटरचा पट्टा भिंतीमागे जातो. समोरून उघडणाऱ्या पेट्याही मिळतात, त्या अर्थातच महाग. मुंबईत जेथे चौरस फुटाला सोन्याचा भाव आहे, तेथे हा हिशेब पेटीच्या किमतीत धरलाच पाहिजे.

दुसरा प्रकार एलसीडी पडद्यांच्या भिंतीचा. घेताना स्वस्त, भिंतीला चिकटून बसणारा, अक्षरे स्पष्ट दाखविणारा. स्मार्ट सिटी केंद्रांसाठी तो सोयीचा ठरला यात नवल नाही. त्याचे दुखणे दोन पडद्यांमधील काळ्या रेघेत आहे. सुरुवातीस पाच मिलिमीटरहून रुंद असणारी ही रेघ आता एक मिलिमीटरच्या खाली आली आहे. रहदारीचे दृश्य पाहताना तिचा त्रास होत नाही. पण वीजवाहिन्यांचा आराखडा पाहताना ही रेघ आहे की वाहिनी, असा क्षणभराचा संभ्रमही परवडत नाही. स्थिर चित्र दीर्घकाळ दाखविल्यास त्याचा ठसा उमटण्याची भीती असते ती वेगळीच. आणखी एक बाब खरेदीच्या वेळी कोणी बोलत नाही. चार वर्षांनी एखादा पडदा बिघडला, तर तेच मॉडेल बाजारात मिळेलच असे नाही. मिळाले तरी नवा पडदा अधिक उजळ, बाजूचे जुने मंद. बघता बघता भिंतीची गोधडी होते.

तिसरा आणि सध्या सर्वाधिक बोलबाला असलेला प्रकार म्हणजे थेट एलईडी दिव्यांची भिंत. कोठेही रेघ नाही, हवा तो आकार, भरपूर प्रकाश. दोन दिव्यांतील अंतर जितके कमी तितकी किंमत चढी. मिलिमीटरमधील हे अंतर जेवढे, साधारण तेवढ्या मीटरवरून भिंत पाहावी, असा व्यवसायात प्रचलित असलेला ठोकताळा आहे. म्हणजे सहा मीटरवर बसणाऱ्यासाठी दीड मिलिमीटरची भिंत पुरेशी असताना ०.९ मिलिमीटरचा हट्ट धरण्यास कारण नाही. प्रकाशाचेही तसेच. निविदांत कमाल प्रकाशमानाचा आकडा मोठा असावा यासाठी चढाओढ असते; पण कक्षात दिवे मंद केल्यावर रात्रभर डोळ्यांसमोर झळाळणारी भिंत ही शिक्षा ठरते. तेथे कमाल प्रकाशाइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा प्रश्न असतो, तो म्हणजे प्रकाश कमी केल्यावर रंग व अक्षरे नीट राहतात की नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत काटकसरीसाठी वातानुकूलन बंद ठेवले, तर या दिव्यांच्या पट्ट्यांवर त्याचा परिणाम होतो. आणि सुटे भाग त्याच उत्पादन-गटातील घेऊन ठेवले नाहीत, तर गोधडी येथेही होतेच.

आयुष्याच्या आकड्याबाबतही सावध राहिले पाहिजे. ६० हजार किंवा एक लाख तास म्हणजे तोवर पडदा नव्यासारखा राहील असे नव्हे. एलईडीच्या बाबतीत प्रकाश मूळच्या निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, असा त्याचा अर्थ बहुतेकदा असतो. भिंतीला चित्र पुरविणारा संगणक, वीजपुरवठा आणि पंखे यांचे आयुष्य त्यात धरलेले नसते. पुष्कळ कक्षांत सर्व पडदे एकाच चित्रनियंत्रकावर अवलंबून असतात. तो बंद पडला की सारी भिंत काळी. कोट्यवधींच्या भिंतीसाठी दुसरा राखीव नियंत्रक घेताना हात आखडता घेतला जातो, ही गोष्ट अनाकलनीय आहे.

लांबी नेहमीच अनावश्यक असते असेही नाही. प्रयागराज येथे पूर्व समर्पित मालवाहतूक मार्गाच्या नियंत्रण केंद्राचे उद्घाटन २९ डिसेंबर २०२० रोजी झाले, तेव्हा तेथील पडद्याची भिंत ९० मीटरहून लांब असल्याचे सांगण्यात आले होते. आकडा डोळे विस्फारायला लावणारा आहे. पण पंजाबपासून बिहारपर्यंत तेराशे किलोमीटरहून अधिक धावणाऱ्या लोहमार्गाचे चित्र स्वभावत:च लांबलचक असते, आणि प्रत्येक विभागाचा नियंत्रक आपल्या समोरचा तुकडा पाहतो. लोहमार्गाची स्थिती दाखविणारा फलक नियंत्रकासमोर असण्याची परंपरा संगणकाहून जुनी आहे. शहराचा आकार तसा नसतो आणि शहराच्या कारभारातील प्रश्नही एका रेषेत येत नाहीत. रेल्वेची भिंत पाहून महापालिकेने आपली भिंत ठरवू नये.

निविदेची कसोटी

सार्वजनिक खरेदीत सर्वांत कमी दराच्या निविदेला प्राधान्य मिळते. त्यामागील हेतू रास्त आहे, पण पडद्याच्या बाबतीत पहिली किंमत ही खर्चाची केवळ सुरुवात असते. वीज, वातानुकूलन, सुटे भाग, देखभाल करार आणि सात-आठ वर्षांनी करावी लागणारी पूर्ण बदली, हे सारे धरल्यास स्वस्त दिसणारा पर्याय स्वस्त राहीलच असे नाही. गुणवत्ता आणि किंमत यांना मिळून गुण देण्याची पद्धत सरकारी नियमांना अपरिचित नाही. तिच्यात तरी गुण कशाला द्यावयाचे हे आधी ठरले पाहिजे. पडद्याच्या चौरस फुटांना गुण दिले, तर चौरस फूटच मिळतील. दुसरीकडे, तांत्रिक अटी एखाद्याच उत्पादकाच्या माहितीपत्रकातून उचलल्यासारख्या असू नयेत, असे केंद्रीय दक्षता आयोग वर्षानुवर्षे बजावीत आला आहे. कामाचे वर्णन न करता आकड्यांचे वर्णन केले की ही चूक आपोआप घडते, कारण आकडे कोठून तरी आणावेच लागतात.

यात आता देशांच्या सीमांचाही प्रश्न मिसळला आहे. जुलै २०२० मध्ये केंद्राने खरेदी नियमांत बदल करून भारताशी भूसीमा असलेल्या देशांतील निविदाकारांना पूर्वनोंदणी बंधनकारक केली. पडद्यांचे काच-पट्ट आणि एलईडीच्या पट्ट्या यांच्या उत्पादनात चीनचा वाटा फार मोठा आहे. जुळणी भारतात झाली तरी आतला माल कोठला, आणि पाच वर्षांनी तो मिळेल काय, हा प्रश्न सुट्या भागांच्या हमीशी थेट जोडलेला आहे. तो करारातच सोडवून घ्यावा लागेल. अभियान संपल्यानंतर महापालिकांच्या हाती त्यासाठी वेगळा निधी नाही.

निर्णयाआधी करता येण्याजोगी एक चाचणी मात्र जवळपास फुकट आहे. नियोजित भिंतीवर, नियोजित उंचीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापलेले कागद चिकटवावेत. प्रभागांची नावे, पंपांचे क्रमांक, भरतीची वेळ, असे जे रोज वाचावे लागते तेच त्यावर असावे. आणि कक्षातील प्रत्येक खुर्चीवर, त्या खुर्चीवर प्रत्यक्ष बसणाऱ्या माणसाला बसवून ते वाचून घ्यावेत. पुढच्या रांगेतील डोकी आड येतात की नाही, खिडकीचा प्रकाश कोणत्या वेळी कोठे पडतो, चाळिशीचा चष्मा असलेल्या कर्मचाऱ्याला एकाच वेळी टेबलावरचा संगणक आणि समोरची भिंत दोन्ही दिसतात की नाही, हे एका दिवसात कळते. पडदे बसविल्यानंतर ठेकेदाराकडून काम ताब्यात घेताना होणारी चाचणी बहुधा भर दुपारी, अधिकाऱ्यांच्या सोयीने होते. तीच चाचणी पहाटे तीन वाजता, दिवे मंद करून, पावसाळ्यातील एखाद्या मोठ्या भरतीच्या रात्री घेण्याची अट करारात घालण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.